सातशे डावखुरे

बॉयलरच्या कारखान्यात प्रत्येक जोडाला धनी असतो. नळीला नळी जोडली, जोड थंड झाला, तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला, की ज्याने तो जोडला त्याने शेजारी पोलादी ठसा धरायचा, वर हातोडीचा एक घाव घालायचा आणि आपलं अक्षर नळीवर कायमचं उमटवायचं. दहा वर्षांनी नळी फुटली तरी अक्षर बघून माणूस शोधता येतो. म्हणून दुसऱ्याच्या जोडावर आपला शिक्का मारणं हा ह्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. कारखान्यातून पितळ चोरणाऱ्याला कामावरून काढतात, आणि वर्षाभराने दया येऊन परतही घेतात. खोटा शिक्का मारणाऱ्याला मात्र कोणी दारात उभं करत नाही.

धाकट्याकडे शिक्काच नव्हता. वय चौतीस, दोन मुलींचा बाप, कानशिलावर पांढरे केस डोकावू लागलेले, आणि हुद्दा मदतनिसाचा. नळ्या कापायच्या, कडा घासायच्या, मोठे मिस्त्री जोड मारून उठले की वर जमलेली जळक्या मळाची खपली ठोकून काढायची, एवढंच त्याचं काम. मोठे मिस्त्री म्हणजे त्याचे वडील. चाळीस वर्षांत त्यांचा एक जोड परत आला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत, कारण सांगायला बाकीचे होतेच. त्यांना पाच मुलगे. चौघे शिकून-सवरून कचेऱ्यांमध्ये पंख्याखाली जाऊन बसले. पाचवा त्यांच्या हाताखाली राहिला. घरात तो धाकटा, तेच नाव कारखान्यातही चिकटलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे, आणि धाकट्याला त्यात सुखच वाटायचं. त्या नावाने त्याचा जन्मभर पिच्छा पुरवला होता.

नाव होतं बन्यामीन.

हे नाव ठेवलं मोठ्या मिस्त्रींनी. धाकटा जन्मला आणि तिसऱ्या दिवशी त्याची आई गेली. जमलेल्या नातेवाइकांनी, नातेवाईक करतात तेच केलं. म्हणजे रडून झाल्यावर बाळाकडे बोट दाखवलं. आईला खाऊन आला, असं कोणीतरी पुटपुटलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, बाळ उचललं आणि म्हणाले, “ह्याचं नाव बन्यामीन. बायबलातल्या त्या जुन्या बापाने ठेवलं, तेच मी ठेवतो. बन्यामीन म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. ह्याला कोणी दुःखाचा म्हणायचं नाही.” आणि पुटपुटणाऱ्या बाईला त्यांनी दाराची वाट दाखवली. एवढं बोलणं त्या माणसाने त्याआधी कधी एका दमात केलं नव्हतं, आणि नंतरही केलं नाही.

असा बाप मिळायला भाग्य लागतं. पण त्या भाग्याला एक खोट निघाली. बाळ रांगायला लागलं, समोर धरलेला खुळखुळा झडप घालून घेऊ लागलं, आणि घरादाराने पाहिलं की ते दर वेळी डावा हात पुढे करतं.

मिस्त्रींनी हे मनाला लावून घेतलं. बायकोच्या उशाशी बसून त्यांनी मनात काय कबूल केलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. नाव उजव्या हाताचं ठेवलंय तर मुलगा उजवाच झाला पाहिजे, अशी त्यांची पक्की समजूत झाली. धाकट्याने डाव्या हाताने घास उचलला की ते एकच शब्द बोलायचे, “हात!” पेन्सिल डावीकडे गेली, “हात!” अभ्यासाच्या वेळी डावं मनगट रुमालाने खुर्चीला बांधून ठेवायचे. रुमाल मऊ असायचा, गाठ सैल असायची आणि सुटल्यावर ते स्वतः मनगट चोळून द्यायचे. त्यांनी कधी त्याच्यावर हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याला मोठेपणी वाटे, कारण मारणाऱ्या बापावर रागावता तरी येतं.

कारखान्यातही तोच प्रकार. मिस्त्रींच्या खणातली, म्हणजे त्यांच्या कामाच्या जागेतली, प्रत्येक वस्तू उजवीकडे. वेल्डिंगची केबल उजवीकडच्या आकड्यावरून येणार, रॉडचा डबा उजवीकडे, हातोडी उजवीकडे. तिथे धाकटा उजव्या हाताने वेल्डिंग शिकला. शिकला म्हणजे काय, पोहता न येणारा माणूस पाण्यात हातपाय मारतो तसं. जोड लागायचा, पण त्यात कंप असायचा. कुठे पोकळी राही, कुठे धातू ओघळून गाठ होई. शिक्का मिळवायला परीक्षा द्यावी लागते आणि कारखान्याचा नियम असा, की तीनदाच बसता येतं. धाकटा पहिल्यांदा नापास झाला तेव्हा सगळ्यांनी धीर दिला. दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा सगळ्यांनी विषय बदलला. आता तिसरी परीक्षा आठ दिवसांवर होती. ही गेली की संपलं. मग निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या जोडांवरची खपली काढायची आणि मुलींनी विचारलं, बाबा तुमचं अक्षर कोणतं, तर खोकला आल्यासारखं करायचं.

एक गोष्ट मात्र कोणालाच माहीत नव्हती. म्हणजे धाकट्याला तसं वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत, भंगाराच्या ढिगामागे, धाकटा डाव्या हाताने जोड मारायचा. लपूनछपून, गेली अकरा वर्षं. लोक सुट्टीत बिडी ओढायला जातात, हा रॉड ओढायला जायचा. डाव्या हातात रॉड धरायचा होल्डर आला की अंगातला कंप कुठे जाई कोण जाणे. वितळलेला धातू नळीभोवती निमूट फिरायचा, मांजर पायाशी घोटाळावं तसा. जोड झाला की धाकटा तो बघायचा, मन भरून बघायचा, आणि ग्राइंडरने घासून टाकायचा.

एकच जोड घासायचा राहिला. गेल्या वर्षीची गोष्ट. एका बॉयलरचे चार जोड तातडीने हवे होते. मिस्त्रींनी तीन मारले आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू उतरू लागला होता, पण हे त्यांनी घरी सोडून कुठे सांगितलं नव्हतं. चौथी नळी भिंतीला चिकटून, अगदी सांदीत. संध्याकाळी नळ्या भट्टीत जायच्या होत्या. खणात कोणी नव्हतं. धाकट्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि डाव्या हाताने चौथा जोड मारला. सकाळी वडिलांना सांगू, असं ठरवून तो घरी गेला. सकाळी तो पोचण्याआधीच मिस्त्री येऊन, चार जोड बघून, औषधाने धूसर झालेल्या डोळ्यांनी, चारही आपलेच समजून शिक्के मारून मोकळे झाले होते.

आता सांगायचं कसं? सांगावं तर बापाने दुसऱ्याच्या जोडावर शिक्का मारला असा त्याचा अर्थ. चाळीस वर्षांची अब्रू एका सकाळीत मातीत. धाकट्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि नशिबाची थट्टा अशी, की दरवर्षी नमुन्यादाखल एक जोड कापून, वाकवून, फोडून तपासतात, त्यासाठी नेमका तोच निवडला गेला. त्या जागी नवा जोड लागला. कापलेल्या नळीचा अर्धा भाग तपासणीत गेला. शेरा आला, असा निर्दोष जोड पाच वर्षांत पाहिला नाही. उरलेला अर्धा मिस्त्रींनी आपल्या खणात भिंतीवर टांगला. नवीन कोणी शिकायला आलं की ते त्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, “ह्याला म्हणतात उजवा हात.”

हे वाक्य धाकट्याने वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल! प्रत्येक वेळी त्याला हसू यायचं, आणि हसू पुरतं यायच्या आत रडू यायचं.

म्हणून परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तो नाव बदलायचा अर्ज घेऊन घरी आला. त्याच्या बायकोने अर्ज उलटसुलट पाहिला.

“नवीन नाव काय लिहिणार?”

“बघू. काहीही. ज्याला अर्थ नाही असं.”

“आणि मुलींच्या दाखल्यांवर बापाचं नाव कोण बदलून आणणार? मी हेलपाटे घालणार नाही, आधीच सांगते,” ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. “साक्षीदाराची सही लागते ना? आत्यांकडे जा. नाव ठेवताना त्या होत्या, मोडतानाही असू देत.”

आत्या म्हणजे मोठ्या मिस्त्रींची थोरली बहीण. चाळीस वर्षं तिने चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवलं होतं. आता दात गेले होते, गुडघे गेले होते, स्मरणशक्ती मात्र तिने कोणाला नेऊ दिली नव्हती. धाकटा गेला तेव्हा ती खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. त्याने अर्ज पुढे ठेवला. आत्याने तो वाचला आणि वाटाण्याची सालं त्यावर ठेवली.

“सही करते. पण काय फेकून देतोयस ते आधी माहीत आहे का तुला?”

“उजव्या हाताचा मुलगा. माहीत आहे. जन्मभर तेच ऐकतोय.”

“अर्धंच ऐकलंयस. तुझ्या बाबाला गोष्ट अर्ध्यात सोडून उठायची सवय आहे. बस इथे. आणि रिकाम्या हाताने बसू नकोस, सोल.”

धाकटा वाटाणे सोलू लागला. डाव्या हाताने. आत्याने ते पाहिलं.

“याकोबाची लाडकी बायको राहेल,” ती सांगू लागली. “वाटेतच तिला कळा लागल्या. मुलगा झाला आणि ती चालली. जाता जाता तिने नाव ठेवलं, बेनओनी. माझ्या दुःखाचा मुलगा. याकोबाने ते बदललं. बन्यामीन केलं. बारा भावांत हा सगळ्यात धाकटा, तुझ्यासारखाच. त्यांच्या भाषेत बेन म्हणजे मुलगा, यामीन म्हणजे उजवा हात. आणि यामीन म्हणजे दक्षिणही बरं का. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे दक्षिण. आपल्याकडेही दक्षिण म्हणजे उजवा असतोच की. माणसं सगळीकडे सारखीच उभी राहतात.”

“बरं. मग?”

“मग काय? उजवा हात म्हणजे काय मुठीत पेन्सिल धरायचा हात? मालक आपल्या कारकुनाला माझा उजवा हात म्हणतो, तेव्हा कारकून त्याच्या खांद्याला चिकटलेला असतो का? उजवा हात म्हणजे ज्याच्यावर भिस्त ठेवावी तो. बायको मरणाच्या दारात असताना त्या बापाने म्हटलं, हा माझं दुःख नाही, हा माझा आधार आहे. नावात एवढंच आहे. तू कुठल्या हाताने जेवतोस त्याची चौकशी त्यात नाही.”

धाकट्याचे हात थांबले.

“अजून संपलं नाही,” आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत शाळेतल्या मुलांना ठाऊक असलेली ती चमक आली. “ह्या बन्यामीनाचं पुढे कूळ वाढलं. लढाईचा प्रसंग आला. त्या कुळातून सातशे निवडक गोफणवाले निघाले. केसाला नेम धरून दगड मारायचे, आणि एकाचाही नेम चुकायचा नाही. केसाला, कळलं? आणि हे सातशेच्या सातशे कसे होते, सांग.”

“कसे?”

“डावखुरे.”

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. वाटाण्यांची वाटी कलंडून चार दाणे पलंगाखाली गेले, ते त्याला कळलंही नाही.

“सगळे?”

“सगळे. उजव्या हाताच्या मुलाचे नातू-पणतू, आणि सातशेच्या सातशे डावखुरे. त्या लढाईत त्यांची बाजू चुकीची होती, तो भाग वेगळा. पण नेम चुकीचा नव्हता.”

“आत्या, हे बाबांना कधी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं, तू चार वर्षांचा असताना. रुमाल बघितला त्या दिवशी. तर म्हणाला, ताई, लढाईच्या गोष्टी लहान मुलांसमोर नकोत. आणि उठून गेला.” तिने सुस्कारा टाकला. “तेव्हा त्याच्या मागे जाऊन मी पुन्हा सांगायला हवं होतं. नाही गेले. ते माझ्याकडून चुकलं. आता दे तो अर्ज, कुठे सही करू?”

धाकट्याने अर्ज उचलला, सालं झटकली आणि घडी घालून खिशात टाकला. “राहू दे,” तो म्हणाला. घरी जाताना रस्त्यात कोपऱ्यावर त्याने एक खडा उचलला आणि समोरच्या दिव्याच्या खांबावर भिरकावला. टण्णकन लागला. चौतीस वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, भर रस्त्यात स्वतःशीच हसला.

परीक्षेला तपासनीस बाई आल्या. लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी स्वतः वीस वर्षं वेल्डिंग केलं होतं आणि हातावरच्या ठिणग्यांच्या खुणा त्या लपवत नसत. नळी उभी बसवली होती, जोड आडवा, सभोवार. जागा मोठ्या मिस्त्रींच्या खणातच, कारण परीक्षेची मांडणी दरवेळी तेच करत. केबल उजव्या आकड्यावर, रॉड उजवीकडे. मिस्त्री हात मागे बांधून उभे राहिले. सुट्टी नसूनही पाच-सहा जण काहीतरी काम काढून आसपास घुटमळू लागले.

धाकट्याने हातमोजे चढवले. आकड्यावरची केबल काढली, पाठीमागून फिरवून डाव्या खांद्यावर घेतली आणि होल्डर डाव्या हातात धरला.

“हात!”

तोच शब्द, तोच आवाज. धाकट्याचं मनगट आपोआप आखडलं. तीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते? घुटमळणारे सगळे पुतळ्यासारखे थांबले. धाकट्याने श्वास घेतला, वळला, आणि वडिलांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “हाच आहे, बाबा.”

आणि हेल्मेट खाली ओढलं.

ठिणगी पेटली. त्यानंतर त्याला खण दिसला नाही, माणसं दिसली नाहीत. काळ्या काचेमागे फक्त तो छोटासा पांढरा सूर्य आणि त्याच्या मागे वितळलेल्या धातूचं थेंबभर तळं. तळं नळीभोवती फिरू लागलं, उजवीकडून डावीकडे, न अडखळता. अर्धी फेरी झाली. रॉड संपला, त्याने दुसरा लावला, संपल्या जागीच पुन्हा पेटवला. सांधा कुठे आहे ते त्याला स्वतःलाही सापडलं नसतं. दुसरा थर, तिसरा थर. शेवटचा थर देताना तो गुणगुणत होता, हे त्याला नंतर लोकांनी सांगितलं.

खपली ठोकली तेव्हा ती एका सलग पट्टीत निघून खाली पडली. तपासनीस बाईंनी भिंग लावलं आणि नळीभोवती सावकाश एक फेरी मारली. एक्स-रे काढून फिल्म धुवायला पाठवली. तासभर लागणार होता. बाईंना रिकामं बसवेना. त्या खणात इकडे-तिकडे बघत फिरू लागल्या आणि भिंतीवरच्या नमुन्यापाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या. परत धाकट्याच्या जोडाकडे आल्या. पुन्हा भिंतीकडे गेल्या.

“मिस्त्री, हा नमुना कोणाचा?”

“माझा,” मोठे मिस्त्री म्हणाले.

“नाही.”

ह्या कारखान्यात मोठ्या मिस्त्रींना असं नाही म्हणणारं माणूस अजून जन्मायचं होतं. धाकटा पुढे झाला. “मॅडम, तो जुना आहे, त्याचं आता…”

“तुम्ही थांबा. मिस्त्री, जोडावरचे हे खवले बघा. धातू ज्या दिशेने जातो त्या दिशेचा माग ठेवतो. तुम्ही आयुष्यभर डावीकडून उजवीकडे जाता. ह्याचे खवले उलटे आहेत.”

“नळी उलटी टांगली असेल,” घुटमळणाऱ्यांपैकी एकजण घाईघाईने म्हणाला. म्हणजे ज्यांना कळायचं होतं त्यांना वर्षापूर्वीच कळलं होतं तर! धाकट्याने त्याच्याकडे बघितलं, तशी त्याने मान खाली घातली.

“शिक्का सुलटा आहे,” बाई म्हणाल्या. “तेव्हा नळीही सुलटी आहे. हा जोड डावखुऱ्या माणसाने मारलाय. आणि हा समोरचा जोड ज्याने मारला त्यानेच मारलाय. हवं तर मी लिहून देते.”

मिस्त्रींनी भिंतीवरून नमुना उतरवला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, काही दिसेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा जोडावरून फिरवला. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. एका बाजूने अंगठा सरळ गेला, दुसऱ्या बाजूने बारीक अडला. मग ते धाकट्याच्या नळीपाशी गेले. ती आता हात लावण्याइतकी निवली होती. तिच्यावरूनही तसाच अंगठा फिरवला. डोळे फसवतील, पण चाळीस वर्षांचा अंगठा कसा फसवेल?

“कधी?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात त्या दिवशी,” धाकटा म्हणाला. “सकाळी सांगणार होतो, बाबा. पण शिक्का मारून झाला होता.”

“आणि वर्षभर गप्प बसलास.”

“तुमचं नाव गेलं असतं.”

मिस्त्रींनी नमुना टेबलावर ठेवला. मग तपासनीस बाईंसमोर जाऊन ताठ उभे राहिले. “लिहून घ्या, मॅडम. हा जोड माझा नाही. माझा शिक्का त्यावर चुकीने पडलाय. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मी तो लपवला. मी शिक्का जमा करतो.” खिशातून ठसा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

बाईंनी लिहिलं. नमुन्याच्या नोंदीपुढे एक ओळ खोडली, एक ओळ नवी घातली, सही केली. “हा तुकडा कुठल्या बॉयलरमध्ये नाही, भिंतीवर आहे, तेव्हा धोका कोणालाच नव्हता,” त्या म्हणाल्या. “आणि आपण होऊन सांगितलंत हेही मी लिहिलंय. डोळ्यांचं ऑपरेशन करून या, शिक्का परत घेऊन जा. तोवर माझ्याकडे राहील.” मग पहिल्यांदाच त्या किंचित हसल्या. “इतके दिवस ह्या तुकड्याकडे बोट दाखवून पोरांना काय सांगत होतात?”

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उत्तर सगळ्यांनाच पाठ होतं.

तेवढ्यात फिल्म आली. बाईंनी ती उजेडावर धरली. एक पोकळी नाही, एक गाठ नाही. वरपासून खालपर्यंत सारखी, स्वच्छ राखाडी पट्टी. “उत्तीर्ण,” त्या म्हणाल्या, आणि खणात असा गलका झाला की पलीकडच्या विभागातले लोक काय फुटलं म्हणून धावत आले. कोणी पाठीत धपाटे घातले, कोणी हेल्मेट वाजवलं. “आम्हाला वाटलं अवघड असेल, हा तर ह्याच्या डाव्या हातचा मळ निघाला!” कोणीतरी ओरडलं, आणि धाकटा इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. निदान हसण्यानेच आलं असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

“अक्षर कुठलं घेणार?” बाईंनी विचारलं.

धाकट्याने खिशातला अर्ज काढला, त्याचे चार तुकडे केले आणि भंगाराच्या पेटीत टाकले. “ब,” तो म्हणाला. “बन्यामीनचा ब.”

पहिला शिक्का मारताना ठसा गुरूने धरायचा आणि घाव शिष्याने घालायचा, अशी तिथली रीत. जाणकार सांगतात, डावखुऱ्या माणसासाठी ठसा धरू नये, घाव कुठून येईल ते कळत नाही. मिस्त्रींनी नवा ठसा आपल्या उजव्या हातात घेतला, जोडाशेजारी टेकवला आणि मान दुसरीकडे वळवली. बोट काढून घेतलं नाही, मनगट आखडलं नाही. धाकट्याने डाव्या हाताने हातोडी उचलली आणि एकच घाव घातला. ब स्वच्छ उमटला.

घरी जाताना दोघं नेहमीसारखे काही न बोलता चालले. अर्ध्या वाटेत मिस्त्री म्हणाले, “ताईची ती लढाईची गोष्ट. किती जण होते म्हणाली होती?”

“सातशे.”

“हं,” मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटा कारखान्यात पोचला, तर खणात डावीकडच्या भिंतीवर नवा आकडा होता. अगदी वाकडा. आजूबाजूचा गिलावा पाच-सहा ठिकाणी उडालेला, खाली तीन खिळे वाकून पडलेले. कोणी नवशिक्यानेही इतका वाईट ठोकला नसता. केबल मात्र त्याच आकड्यावर अडकवून ठेवली होती, आणि रॉडचा डबा डावीकडे सरकवला होता. मिस्त्री बाकावर बसून उजव्या हाताचा अंगठा पाण्याच्या पेल्यात बुडवत होते. नख काळंनिळं झालं होतं.

“बाबा, हे काय केलंत?”

“डाव्या हाताने ठोकून बघितला,” मिस्त्री म्हणाले. “एक आकडा ठोकायला सकाळ गेली.” ते त्या वाकड्या आकड्याकडे बघत राहिले. मग धाकट्याचं डावं मनगट त्यांनी हातात घेतलं, जिथे लहानपणी रुमाल असायचा तिथे, आणि पूर्वी चोळायचे तसं हळूहळू चोळू लागले.

“माझी एक सकाळ गेली,” ते म्हणाले. “तुझी तीस वर्षं घेतली रे मी, बन्यामीन.”

त्या नावाने त्यांनी त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. धाकट्याने हात सोडवून घेतला नाही. कामाचा भोंगा वाजला तरी दोघं तसेच बसून होते. मग धाकटा उठला, डावीकडच्या आकड्यावरून केबल काढली आणि दिवसाचा पहिला जोड मारायला लागला.